एकोणिसावा भाग आणि हरवलेले सोळा ग्रंथ

१९५७ साली त्र्याहत्तर वर्षांच्या, दृष्टी अधू झालेल्या एका संन्याशाने दीडेक महिन्यात गणितावरचे एक पुस्तक केवळ आठवणीतून लिहून काढले. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ हे ते संन्यासी. याच विषयावर त्यांनी पूर्वी सोळा ग्रंथ लिहिले होते, ते एका शिष्याच्या घरी ठेवले होते आणि तिथून ते नाहीसे झाले, अशी हकीकत त्यांच्या नागपूरच्या शिष्या मंजुळा त्रिवेदी यांनी नोंदवून ठेवली आहे. आज ‘वैदिक गणित’ या नावाने गावोगाव सुट्टीतले वर्ग भरतात, शाळांतून स्पर्धा होतात, त्या साऱ्याचा मूळ आधार म्हणजे आठवणीतून लिहिलेले हे एकच पुस्तक. त्यावर साठ वर्षे वाद चालू आहे आणि तो बहुतेक वेळा नावापाशीच अडतो. एक बाजू ‘वैदिक’ या शब्दावर विश्वास ठेवून पुस्तक उघडते, दुसरी त्याच शब्दामुळे ते मिटून ठेवते. पुस्तकातले पहिलेच उदाहरण मात्र दोन्ही बाजूंनी शांतपणे सोडवून पाहण्यासारखे आहे. ते आहे एक छेद एकोणीसचे, म्हणजे एका मूळ संख्येने एकाला भागल्यावर काय घडते याचे. या उदाहरणाचा माग काढत गेले की पुस्तकाचे खरे मोल हाती लागते, आणि ‘वैदिक’ या शिक्क्याने सर्वांत मोठा अन्याय खुद्द स्वामींवरच केला आहे, हेही दिसते.

आधी उदाहरण पाहू. १ ला १९ ने शाळेतल्या रीतीने भागत गेले तर उत्तर ०.०५२६३१५७८९४७३६८४२१ असे येते आणि पुढे हेच अठरा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. कागदावर हा भागाकार करायचा तर १९ चा पाढा घोकत अठरा पायऱ्या उतराव्या लागतात. स्वामींची रीत उलट्या टोकाने चालते. ‘एकाधिकेन पूर्वेण’ हे त्या सूत्राचे नाव. अर्थ असा की आधीच्या अंकात एक मिळवायचा. १९ मधल्या नवाच्या आधीचा अंक १, त्यात एक मिळवला की २. आता सर्वांत उजवीकडे १ मांडायचा आणि डावीकडे सरकत प्रत्येक अंकाची दुप्पट लिहीत जायचे. १ चे २, २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६. पैकी ६ लिहायचे आणि हातचा १. सहाची दुप्पट बारा आणि हातचा एक, तेरा. ३ लिहिले, हातचा १. तिनाची दुप्पट सहा आणि एक, ७. सातांची चौदा, ४ लिहिले, हातचा १. चाराची आठ आणि एक, ९. असे अठरा अंक झाले की आकडे आपोआप पुन्हा १ वर येतात आणि फेरा पूर्ण होतो. या साऱ्या खटाटोपात दोनाच्या पाढ्यापलीकडे काहीही लागत नाही. निम्मे अंक मिळाले की उरलेले निम्मे तर दुप्पट न करताही लिहिता येतात, कारण अठरा अंकांचे मधोमध दोन तुकडे केले तर ०५२६३१५७८ आणि ९४७३६८४२१ यांची बेरीज बरोबर नऊ वेळा नऊ येते. हा गुणही स्वामींनी उदाहरणातच वापरला आहे.

ही जादू नाही, आणि तिची फोड करायला सूत्राची भाषाही लागत नाही. २/१९ ला दहाने गुणले की २०/१९ मिळतात, म्हणजेच १ अधिक १/१९. याचाच अर्थ असा की २/१९ चा दशांश लिहायचा तर दशांशचिन्हानंतर १ लिहावा आणि त्यापुढे १/१९ चे सगळे अंक जसेच्या तसे मांडावेत. दुप्पट केली की अंकांची आख्खी माळ एक घर उजवीकडे सरकते, एवढीच ती गोष्ट. अठरा अंकांच्या त्या गटाची दुप्पट १०५२६३१५७८९४७३६८४२ येते. शेपटीचा १ उचलून डोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो. हे घडते ते २० ही संख्या १९ पेक्षा एकानेच मोठी असल्यामुळे. २९ साठी ३० असते, म्हणून तिथे तिनाचा पाढा चालतो आणि फेरा अठ्ठावीस अंकांचा होतो. ज्याला शाळेतली बीजगणिताची ओळख आहे त्याला हे पाच मिनिटांत पटते, आणि पटल्यावर सूत्र अधिकच देखणे वाटते.

फेरा अठराचाच का, हा प्रश्न मात्र अधिक खोल आहे आणि त्याचे उत्तर मूळ संख्यांच्या स्वभावात दडलेले आहे. १९ ने भागताना बाकी उरू शकते ती १ ते १८ यांपैकी एक. जी बाकी एकदा येऊन गेली ती पुन्हा आली की अंकही पुन्हा तेच. म्हणून फेरा अठरापेक्षा मोठा होऊच शकत नाही, आणि १९ च्या बाबतीत तो गाठता येईल तेवढी कमाल लांबी गाठतो. १३ मात्र तसे करत नाही. तिथे बारा अंकांची मुभा असताना ०७६९२३ या सहा अंकांतच फेरा आटोपतो. ४१ मध्ये चाळीसची मुभा आहे, पण फेरा फक्त पाच अंकांचा, ०२४३९. नियम एकच : २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, फेऱ्याची लांबी त्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येला निःशेष भागते. हे फ्रान्सच्या पिएर द फर्मा याच्या १६४० मधल्या एका प्रमेयाचे फळ आहे. पुढे गाउसने १८०१ च्या आपल्या अंकगणितावरील ग्रंथात या फेऱ्यांचा पद्धतशीर विचार केला आणि त्यांची कोष्टके दिली. अठराचे दोन तुकडे करून नऊ-नऊ मिळण्याचा जो गुण वर आला, तो १८३६ मध्ये मिदी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केला. त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. पायची सातशे सात दशांश स्थाने काढणारा इंग्लंडचा विल्यम शँक्स याने तर हजारो मूळ संख्यांच्या फेऱ्यांची लांबी हाताने मोजली. १९१९ मध्ये लिओनार्ड डिक्सनने संख्याशास्त्राचा इतिहास लिहिला तेव्हा आवर्ती दशांशांना एक स्वतंत्र प्रकरण द्यावे लागले आणि विभाज्यतेच्या कसोट्यांना आणखी एक. स्वामींनी हाताळलेला प्रदेश असा निर्जन नव्हता. तिथे दोन-अडीचशे वर्षांची वहिवाट होती. मग त्यांना तो वेदांतच सापडला असे का वाटले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आणि त्यांच्या काळात शोधावे लागते.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव वेंकटरामन शास्त्री. जन्म १८८४ चा, तिरुनेलवेलीकडचा. वडील सरकारी नोकरीत तहसीलदार. संस्कृतातील प्रभुत्वाबद्दल मद्रासच्या एका संस्कृत सभेने या मुलाला पंधराव्या वर्षीच ‘सरस्वती’ ही पदवी दिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या आणि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या कामात ओढले गेले, राजमहेंद्री येथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले आणि मग सगळे सोडून शृंगेरीला गुरूंपाशी गेले. १९११ ते १९१८ या काळात तिथल्या परिसरात एकांतात राहून त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला. गणिताची सूत्रे याच साधनेत उलगडली, असे ते सांगत. खानदेशातल्या अमळनेरला त्यांनी शांकर तत्त्वज्ञानावर व्याख्यानमालाही दिली होती. १९१९ मध्ये संन्यास घेतला, १९२१ मध्ये द्वारकेच्या शारदापीठावर बसले आणि त्याच वर्षी कराचीच्या गाजलेल्या राजद्रोहाच्या खटल्यात अली बंधूंच्या बरोबरीने आरोपी म्हणून उभे राहिले. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. १९२५ पासून ते पुरीच्या पीठावर होते. अशा माणसाला आपल्या शास्त्रांची हेटाळणी सहन न होणे स्वाभाविक होते. कोलब्रुक, विल्सन, ग्रिफिथ यांच्यासारख्या युरोपीय पंडितांनी अथर्ववेदाच्या परिशिष्टातल्या तथाकथित गणितसूत्रांकडे उपहासाने पाहिले आणि त्याच उपहासाने आपल्याला त्यांचा छडा लावायला प्रवृत्त केले, असे त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या प्रास्ताविकात म्हटले आहे. ‘वैदिक’ या शब्दामागे ही जखम आहे. ती ध्यानात घेतली नाही तर हा माणूस नीट कळत नाही.

नागपूर या कथेत येते ते १९५३ मध्ये. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी तेव्हा नागपूरच होती. राज्यपुनर्रचना अजून तीन वर्षे दूर होती आणि विदर्भाने संयुक्त महाराष्ट्रात यावे की नाही, यावरच्या वाटाघाटी त्याच वर्षीच्या नागपूर करारापर्यंत पोहोचल्या. उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि सरकारी कचेऱ्या यांच्यामुळे शिकलेल्या, संस्था चालवणाऱ्या माणसांचा मोठा वर्ग शहरात होता. स्वामींनी इथे ‘विश्वपुनर्निर्माण संघ’ स्थापन केला. संघाचे अध्यक्षपद भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्याकडे गेले. ते त्या सुमारास नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे नावही या संघाशी जोडलेले आहे. चिमणलाल त्रिवेदी सरचिटणीस होते आणि पुढे ती जबाबदारी मंजुळा त्रिवेदींनी सांभाळली. पुस्तकाला त्यांनी जोडलेल्या परिचयाखाली नागपूरचे नाव आणि १६ मार्च १९६५ ही तारीख आहे. स्वामींच्या गणिताच्या लेखनाची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः या परिचयातून.

त्रिवेदी लिहितात त्यानुसार प्रत्येक सूत्रावर एक याप्रमाणे सोळा ग्रंथ तयार होते आणि ते गेल्याची खात्री १९५६ मध्ये झाली. स्वामींनी ते फारसे मनाला लावून घेतले नाही. सगळे आपल्या आठवणीत आहे, पुन्हा लिहिता येईल, असे ते म्हणाले. अमेरिकेचा दौरा ठरल्यावर १९५७ मध्ये त्यांनी सोळा सूत्रांची तोंडओळख करून देणारे हे एक पुस्तक लिहिले. १९५८ च्या फेब्रुवारीत ते लॉस एंजल्सच्या एका योगसंस्थेच्या निमंत्रणावरून निघाले. पाश्चात्त्य देशांत जाणारे ते पहिले शंकराचार्य. पॅसाडेनाच्या कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत गणिताच्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटापुढे त्यांनी आपल्या रीतींचे प्रात्यक्षिक दिले. पुस्तकाची टंकलिखित प्रत छपाईसाठी तिकडेच ठेवली गेली. मुद्रिते तपासायला पुन्हा अमेरिकेला जावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले होते, पण परतल्यावर प्रकृती ढासळत गेली आणि २ फेब्रुवारी १९६० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. टंकलिखित मग भारतात परत आणले गेले आणि १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने ते छापले. सोळांपैकी हे एकच उरले आणि तेही लेखकाला छापील रूपात पाहता आले नाही.

या पुस्तकावरचा पहिला गंभीर आक्षेप विरोधकांनी घेतलेला नाही. तो पुस्तकाच्या संपादकांच्याच प्रस्तावनेत आहे. बनारसचे भारतविद्येचे थोर अभ्यासक वासुदेवशरण अग्रवाल यांनी स्वच्छ लिहिले की ही सूत्रे अथर्ववेदाच्या आजवर ठाऊक असलेल्या परिशिष्टांत आढळत नाहीत, त्यांची भाषाशैली पाहता ती स्वामींनीच शोधलेली दिसतात आणि म्हणून या ग्रंथालाच एक नवे परिशिष्ट मानावे. त्याहून आधीचा एक प्रसंग लखनौचे गणित-इतिहासकार कृपाशंकर शुक्ल यांनी नोंदवला आहे. १९५० च्या सुमारास स्वामींनी लखनौ विद्यापीठात फळ्यावर प्रात्यक्षिके केली, तेव्हा शुक्लांनी परिशिष्टांची छापील आवृत्ती त्यांच्यापुढे ठेवली आणि सूत्रे दाखवायची विनंती केली. ही सूत्रे त्या परिशिष्टात नाहीत, माझ्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, या अर्थाचे उत्तर स्वामींनी दिले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणितज्ञ श्री. गो. दाणी यांनी १९९० च्या दशकात या दाव्याची सविस्तर चिकित्सा केली. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा मात्र एकोणिसाव्या भागाच्या उदाहरणातच आहे. ते सगळे उदाहरण दशांश अपूर्णांकांवर उभे आहे, आणि एककाच्या उजवीकडे दहावे, शंभरावे भाग मांडण्याची रीत वैदिक वाङ्मयात नाही. यजुर्वेदात दहाच्या घातांची नावे परार्धापर्यंत आहेत, पण ती सगळी एककाच्या डावीकडची. अपूर्णांक लागतात तेव्हा शुल्बसूत्रकार काय करतात तेही आपल्याला दिसते : दोनाचे वर्गमूळ ते एक, अधिक एकतृतीयांश, अधिक त्याचा चौथा भाग, त्यातून शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा, अशा रीतीने सांगतात. हे उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे आणि ते आपल्या पूर्वजांचे निर्विवाद कर्तृत्व आहे. पण तिथे दशांश कुठेच नाही. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यही लीलावतीत अंश वर आणि छेद खाली असेच लिहितात. १/१९ चे अठरा अंक सलग मांडायला जी लेखनपद्धती लागते, ती त्यांच्याही हाती नव्हती.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : अथर्ववेदाच्या नऊ शाखा होत्या, आज दोनच उरल्या आहेत, तेव्हा सूत्रे लुप्त शाखेत असतील. शाखा लुप्त झाल्या हे खरे. पण लुप्त ग्रंथाचा हवाला देणाऱ्याने निदान त्याचे अवतरण, त्याचा उल्लेख किंवा त्याची शिष्यपरंपरा दाखवायची असते, आणि भारतीय परंपरेतील भाष्यकारांनी तसे नेहमीच केले आहे. आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, नारायण पंडित यांपैकी कुणीही या सूत्रांचे नाव घेत नाही. आणि हे सगळे जण वेदांचे वैरी नव्हते. स्वामींचा स्वतःचा युक्तिवादही वेगळ्या पातळीवरचा आहे. वेद म्हणजे समस्त ज्ञानाचा उगम, म्हणून जे खरे ते वेदात असलेच पाहिजे, असा त्यांचा सूर आहे. ती एक श्रद्धा आहे आणि श्रद्धा म्हणून तिचा आदर करता येतो. मात्र इतिहासाच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : रीत चालते ना, मग तिला वैदिक म्हटले काय आणि न म्हटले काय? नुकसान दोन जागी होते. रीत पवित्र ठरली की ती का चालते हे विचारणे मुलांना अनावश्यक वाटू लागते, आणि वर पाहिले तसे, या रीतींचे सगळे सौंदर्य त्या ‘का’ मध्ये आहे. दुसरे नुकसान स्वामींचे. शृंगेरीच्या एकांतात स्वतःच्या बुद्धीने संख्यांचे गुण शोधणारा, त्यांना नेटक्या संस्कृत सूत्रांत बांधणारा आणि ग्रंथ गेल्यावर म्हातारपणी ते पुन्हा आठवून लिहिणारा एक कर्ता माणूस या दाव्यामुळे निव्वळ निरोप्या ठरतो. अग्रवालांनी त्यांना शोधकाचा मान देऊ केला होता. स्वामींच्या भक्तांनी तो घेतला नाही.

यापेक्षा कठोर आक्षेप असा की युरोपात हे सगळे आधीच ठाऊक होते, मग स्वामींचे मोल काय? याला उत्तर द्यायला देवळालीच्या द. रा. कापरेकरांची आठवण पुरेशी आहे. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर याच काळात, याच छंदाने, वर्गावर्गांतून संख्यांचे गुण सांगत फिरत होते. एकचा सातवा भाग काढला की १४२८५७ हे सहा अंक फिरत राहतात. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि त्याचे तुकडे करून २०४०८ मध्ये १२२४४९ मिळवले की पुन्हा १४२८५७ हजर. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. १, ११, १११ अशा संख्यांच्या वर्गांवरून त्यांनी ‘डेम्लो’ संख्या काढल्या. डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावर सुचल्या म्हणून हे नाव. कापरेकरांनी कोणत्याही प्राचीन ग्रंथाचा आधार सांगितला नाही, आणि हयातीतला बराच काळ त्यांना विद्यापीठांनी दारातही उभे केले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात लिहिले तेव्हा कुठे जग त्यांच्याकडे वळले. आपल्या समाजाने एकाला ऋषी केले आणि दुसऱ्याला वेडा ठरवले, पण दोघांनी केलेले काम एकाच जातीचे होते : दहाच्या पायावर उभ्या असलेल्या अंकलेखनाचे छुपे गुण हुडकण्याचे. आधी कुणी तरी शोधलेले पुन्हा स्वतंत्रपणे शोधणे यात कमीपणा काहीच नाही. आधी शोधलेले आहे हे न सांगणे मात्र वाचकावर अन्याय आहे.

एकशेअकरांच्या या माळेतूनच मोठ्या मूळ संख्यांचा प्रश्न पुढे येतो आणि तिथे स्वामींच्या रीतीची सीमाही नेमकी दिसते. विभाज्यता तपासायला ते ‘वेष्टन’ नावाची रीत देतात. २३५६ ला १९ ने भाग जातो का? शेवटचा अंक ६, त्याची दुप्पट १२, ती उरलेल्या २३५ मध्ये मिळवली, २४७. सातांची दुप्पट १४, ती २४ मध्ये मिळवली, ३८. आठांची दुप्पट १६, तीन मिळवले, १९. म्हणजे भाग जातो. सातासाठी दोनाऐवजी पाच घ्यायचे, कारण ४९ नंतर ५० येतात. तेरासाठी चार, कारण ३९ नंतर ४०. शाळेत दोन, तीन, पाच, नऊ, अकरा यांच्या कसोट्या शिकवतात आणि सातापाशी गप्प बसतात. तिथे ही एकच युक्ती २ आणि ५ सोडून सगळ्या मूळ संख्यांना पुरते, ही स्वामींची मांडणी शिक्षकांनी अवश्य घ्यावी अशी आहे. आता मोठी मूळ संख्या घेऊ : एकोणीस वेळा एक लिहून होणारी, १११११११११११११११११११. ही मूळ आहे हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झाले. एवढी प्रचंड असूनही तिच्या एक-छेद दशांशाचा फेरा फक्त एकोणीस अंकांचा, अठरा शून्ये आणि एक नऊ. तिची वेष्टनकसोटी काढायला गेले तर तिची नऊपट म्हणजे एकोणीस नऊ, त्यात एक मिळवला की एकावर एकोणीस शून्ये. म्हणून शेवटच्या अंकाला एकावर अठरा शून्ये या संख्येने गुणायचे. एकोणीस अंकी संख्येवर हे केले तर शेवटचा अंक उचलून सर्वांत पुढे जातो, बस. संख्या लहान होत नाही, नुसती गोल फिरते. वेष्टन हा शब्द इथे अक्षरशः खरा होतो आणि कसोटी म्हणून त्याचा उपयोग तिथेच संपतो.

त्याहून मूलभूत सीमा ही की ठरावीक संख्येने भाग जातो का, एवढेच ही रीत सांगते. एखादी संख्या स्वतः मूळ आहे का, हा प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. बारा अंकी संख्या असे तपासायची तर दहा लाखांच्या आतल्या ७८,४९८ मूळ संख्यांनी एकेक करून भाग द्यावा लागेल. त्या प्रश्नाला वेगळी हत्यारे लागली, आणि त्यांतले एक निर्णायक हत्यार भारतातच घडले : ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतले मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवण्याची रीत जगापुढे ठेवली. तिचा पायाही फर्माच्या १६४० च्या त्याच प्रमेयात आहे ज्याच्यामुळे १/१३ चा फेरा बाराला निःशेष भागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या दोनाच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा करून मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

पुस्तकाचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगायला हवे. काही वर्षांनी ते लंडनला पोहोचले. केनेथ विल्यम्स, अँड्र्यू निकोलस, जेरेमी पिकल्स यांनी त्यावर व्याख्याने दिली, पाठ्यपुस्तके तयार केली, आणि बाहेरून मान्यता आल्यावर आपल्याकडे त्याचा भाव वाढला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशच्या शाळांत ते शिरले आणि तेव्हापासून गणितज्ञ व शासन यांच्यात या विषयावर खटके उडत आहेत. महाराष्ट्रात पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीची तोंडी परंपरा शाळांतून जवळपास याच काळात पुरती मावळली, याची खंत मात्र फारशी कुणी केली नाही. अपूर्णांकांचे पाढे बिनकागदाने म्हणणारे मराठी गणित पिढ्यान्‌पिढ्या बाजारात आणि पंतोजींच्या शाळेत प्रत्यक्ष वापरात होते. वर्गात स्वामींच्या रीती शिकवताना १/१९ हे उदाहरण वेग दाखवण्यासाठी घेतले जाते, उत्तर आले की फळा पुसला जातो. पण खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. शंभरच्या आत पंचवीस मूळ संख्या आहेत. त्यांपैकी ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ या नऊच संख्या आपला फेरा पूर्ण लांबीचा करतात. पुढे गेले तरी अशा संख्या भेटतच राहतात. १९२७ मध्ये एमिल आर्टिनने अंदाज बांधला की सगळ्या मूळ संख्यांपैकी सुमारे ३७ टक्के अशा असाव्यात, आणि मोजदाद त्याला दुजोरा देते. १९६७ मध्ये ख्रिस्तोफर हूलीने तो अंदाज सिद्ध केला, पण रीमानच्या अजून न सुटलेल्या गृहीतकाचे एक व्यापक रूप खरे धरून. त्या आधाराशिवाय, १९ सारखा पूर्ण फेरा घेणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत एवढेसुद्धा आजपर्यंत कुणाला सिद्ध करता आलेले नाही.